काचेवरचा हात

बत्तीस वर्षं पोरांच्या वह्या तपासल्यात मी. कुणी कुणाचं बघून लिहिलंय, ते मला पहिल्या ओळीत कळायचं. त्यामुळे शेजारच्या गोरक्षनं कांदाचाळ एका फोटोवालीला भाड्यानं दिली आणि तिनं चाळीला चहूबाजूंनी काळं कापड लावलं, तेव्हाच मला संशय आला. कांदाचाळ असते साठवलेल्या कांद्याला वारा लागावा म्हणून. हिला अंधार कशाला हवा?

"नॅन्सी नाव तिचं, राहुरीची हाय. जुन्या तऱ्हेनं काचंवर फोटो काढती," गोरक्ष म्हणाला. "बोटं बगा तिची, काळी पडल्यात. चांदीच्या औषदानं हुतं म्हनं."

चाळीतून स्पिरिटसारखा वास यायचा. मोबाईल हातात असताना काचा भिजवत बसणारी बाई सरळ असूच शकत नाही, असं माझं मत झालं. त्यात नॅन्सी गोड बोलायची, म्हणजे संशयाला आणखी जागा. आमच्या पुणतांब्यातल्या बायकांचे फोटो काढायचेत म्हणाली, तशी मी पहिली जाऊन बसले. आत काय चाललंय ते बघायचंच होतं मला.

मानेमागे लोखंडी आधार, आणि सहा सेकंद हलायचं नाही. काच धुऊन तिनं समोर धरली आणि मी भडकले. कपाळावरचं लाल कुंकू काळं झालेलं, आणि हातावरचं निळं गोंदण साफ गायब.

"माझं गोंदण कुठं गेलं?"

"मावशी, हे औषध आपल्यासारखं बघत नाही. निळं त्याला पांढरं दिसतं. लाल, पिवळं मात्र काळं दिसतं, अगदी फिकट असलं तरी."

थापा, मी मनात म्हटलं.

त्याच आठवड्यात माझी निकिता काष्टीहून, सासरहून आली होती. शनिवारी जावई, रविराजराव, तिला न्यायला येणार होते. या खेपेला पोर गप्प होती, घरातही ओढणी गळ्याभोवती. एकदा ती सरकली, तेव्हा गळ्यावर पिवळट काहीतरी दिसलं.

"हळद लागली असेल," ती म्हणाली. मी सोडून दिलं.

शनिवारी सकाळी मीच तिला चाळीत नेलं. नॅन्सी म्हणाली, ओढणी काढली तर बरं. निकिता नको म्हणाली.

"काढ गं, लग्नानंतरचा धड एक फोटो नाही तुझा," मी दामटलं. तिनं ओढणी सैल करून आरशात गळा दोनदा निरखला, मगच ती काढली. ती पिवळट झाक आता जेमतेम दिसत होती.

काच समोर आली. गळ्याच्या एका बाजूला चार काळे डाग, दुसऱ्या बाजूला एक.

"लागली ना तुझी काळी बोटं काचेला?" मी नॅन्सीवर ओरडले.

"मी काच कडेनंच धरते, मावशी."

"मग दुसरी काढ. माझ्यासमोर."

तिनं दुसरी काढली. मी तिच्या हातांवरून नजर हलवली नाही. डाग तेच, तिथंच. नॅन्सी निकिताकडे बघत राहिली.

पिवळं काळं दिसतं. अगदी फिकट असलं तरी.

मी पदर पाण्यात बुडवला आणि निकिताचा गळा पुसायला लागले. हळद असती तर निघाली असती. मी आणखी घासलं.

"आई, हळू," ती डोळे मिटून म्हणाली. "अजून दुखतं."

मला माझीच लाज वाटली. आठवडाभर मी शेजारच्या चाळीवर पहारा देत होते, आणि माझी पोर माझ्याच घरात गळा झाकून बसली होती. मी माझा हात तिच्या गळ्यावर, त्या डागांच्या जागी ठेवून बघितला. चार बोटं आणि अंगठा. माझा हात लहान पडला.

नॅन्सीनं निकिताला पाणी दिलं. तेवढ्यात माझा मोबाईल वाजला.

"आई, राहुरी सोडली. निकिताला तयार राहायला सांगा," रविराज म्हणाला.

"निकिता येणार नाही," मी म्हटलं. "तुम्ही मात्र या. इथं काचेवर एक हात उमटलाय, त्याच्याशी तुमचा हात लावून बघायचाय."

पलीकडे गाडीचा आवाज येत राहिला. मी थांबले. कसला हात, असं त्यानं विचारलं नाही.