घासलेलं नाणं

जुनं नाणं घासून आणणाऱ्याला मी दुकानात उभं करत नाही, अशी माझी ख्याती आहे आणि ती खोटी नाही. नाण्यांचं हे दुकान वडिलांकडून माझ्याकडे आलं, तोंडाचा पट्टाही त्यांच्याकडूनच आला. त्या सकाळी काकूंनी पर्समधून रुमालाची पुरचुंडी काढली, गाठ सोडली, आणि आत चांदीचं नाणं लखलखताना दिसलं. मी झापायला तोंड उघडलं होतं. मग नाणं कोणतं ते ओळखलं आणि तोंड मिटलं.

ते तराजूकाकांचं, काकूंच्या यजमानांचं, नाणं होतं. काका वजनमापं तपासणाऱ्या खात्यात होते. निवृत्त झाले तरी समोर येईल ते तोलून बघायची खोड सुटली नाही, म्हणून बाजाराने हे नाव ठेवलं. त्यांच्याकडे नाणी पुष्कळ, पण जीव गुंतला होता तो या एकात. शंभरावर वर्षांचं, टांकसाळीतून निघाल्यापासून बहुधा कोणी खर्चलंच नव्हतं. त्यावर काळसर निळी झाक होती, कडेला जांभळट. चांदी वर्षानुवर्षं निवांत पडून राहिली तरच अशी झाक धरते, आणि आमच्या धंद्यात तीच खरी किंमत असते.

मी कितीदा म्हटलं होतं, "काका, ग्रेडिंगला पाठवू या." तिथले जाणकार नाणं तपासतात, दर्जा ठरवतात आणि प्लॅस्टिकच्या डबीत सीलबंद करून परत पाठवतात. काका हसून म्हणायचे, "बघू गं. परीक्षेला बसवलं की नापास व्हायची भीती." आता डॉक्टरांनी हात टेकले होते आणि त्यांना घरी पाठवलं होतं. अंथरुणावर पडून काका रोज एकच विचारत, आपल्या नाण्याला किती मार्क मिळतील.

"शेवटी म्हणाले, घेऊन जा पोरीकडे," काकू सांगत होत्या. "म्हटलं, परीक्षेला जायचं तर जरा नीटनेटकं जाऊ दे. काय काळंकुट्ट झालं होतं! दंतमंजनाने चोळून चोळून काढलं बघ. अख्खी दुपार गेली."

त्यांच्या चेहऱ्यावर कौतुक होतं. त्यांना कशाचाच पत्ता नव्हता.

मी नाणं दिव्याखाली धरून तिरपं केलं, फिरवलं. न घासलेल्या चांदीवर उजेड नाण्याबरोबर फिरतो. इथे तो सगळीकडे सारखाच पसरला होता, नव्या चमच्यावर पसरावा तसा. भिंग लावलं तर नाण्यावरच्या राजाच्या गालावर बारीक ओरखड्यांचं जाळं. मी पुन्हा पुन्हा बघितलं. एखादं नाणं हलक्या हाताने पुसलेलं असलं तर कधीकधी निभावून जातं, म्हणून मी काहीतरी पळवाट शोधत होते. पण काकूंचा हात हलका नव्हता. उभ्या संसाराची भांडी घासलेला हात होता तो.

"लवकर येईल ना गं परत?" काकूंनी विचारलं. "यांना बघायला मिळायला हवं."

ठेवून घ्यावं आणि पाठवलं म्हणून सांगावं, असं मनात आलं. कोणाला कळलंही नसतं. पण 'आलं का, आलं का' करत काकांनी डोळे मिटायचे, हे मला सोसवेना.

"काकू, हे पाठवण्यात अर्थ नाही. दर्जा द्यायचेच नाहीत ते. 'घासलेलं' एवढंच लिहून परत येईल."

काकू नाण्याकडे बघत राहिल्या. "म्हणजे मी घालवलं?"

एरवी माझी जीभ कशी चालते ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्या दिवशी "हो" म्हणतानाही ती जड झाली.

"परत काळं नाही का करता येणार?"

"करणारे करतात. पण काका लगेच ओळखतील."

"मग आता कोणत्या तोंडाने घरी जाऊ?" त्या हळूच म्हणाल्या. मी दुकान बंद केलं आणि त्यांच्याबरोबर निघाले.

काकांची खाट खिडकीला लागून होती. अंगावरच्या चादरीखाली माणूस आहे की नाही असं वाटावं, इतके ते आटले होते. मला बघताच त्यांनी हात पुढे केला. काय बोलायचं ते मी वाटेत घोकलं होतं, ते तसंच राहिलं आणि मी नाणं त्यांच्या तळव्यावर ठेवलं. त्यांनी ते उजेडाकडे वळवलं आणि डोळे मिटून घेतले.

"मी घासलं," काकू दारातूनच म्हणाल्या. "चांगलं दिसावं म्हणून."

काकांनी डोळे उघडले. मग म्हणाले, "इकडे ये."

काकू खाटेशी गेल्या. काकांनी नाणं पुढे केलं आणि काकूंनी ते दोन बोटांत, फक्त कडेवर धरलं. राजाच्या चेहऱ्याला बोट लागू न देता, आम्ही नाणेवाले धरतो तसं. कोणी शिकवलं नव्हतं त्यांना. आमच्यासमोर चहा ठेवता ठेवता, लांबूनच बघितलं असणार.

काकांच्याही ते लक्षात आलं. "सगळ्या गावाला दाखवलं," ते म्हणाले. "तुझ्या हातात कधी दिलंच नाही मी."

"दिलं असतंत तर घासलं नसतं हो," काकू म्हणाल्या. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. आहे ते सांगितलं, एवढंच.

काका रडायला लागले. काकूंनी नाणं मुठीत घट्ट धरलं आणि त्या दुसऱ्या हाताने त्यांचे डोळे पुसत बसल्या.