गोधडीत अडकलेला पदर

लंकाबाईनं घर सोडलं ते कुणाच्या लग्नासाठी नाही, मयतासाठी नाही, लेकीच्या बाळंतपणासाठीही नाही. नुसतं गोधडी शिवायला. पिंपळवंडीत हे कुणाच्या पचनी पडेना. धाकट्या जावेनं तर तोंडावरच विचारलं, "त्याच्यासाठी डिंभ्याला कशाला जायला पायजे? आपल्या दारातला वटा काय कमी पडतोय का?"

सून जया मात्र म्हणाली, "जावा आत्या, तीन दिवस. मी हाय की घरी."

लंकाबाईनं पिशवीत तीन जुनी लुगडी आणि सुयांचं पाकीट घातलं, अंगावर दिवाळीचं हिरवं लुगडं नेसलं आणि नारायणगावच्या स्टँडवर इशरतला गाठलं. इशरतचं जुन्नरला शिवणकामाचं दुकान. तिच्या हातात गोणीभर चिंध्या होत्या. ब्लाउजांची कतरण, गणवेशाचं निळं कापड, कुणाच्या तरी निकाहच्या शराऱ्याचा जरीचा तुकडा. बारा वर्षांपूर्वी बचत गटाच्या शिबिरात या दोघींना आणि डिंभ्याच्या झुंबरबाईला एकच खोली मिळाली होती. त्या दोन रात्रींत जी गट्टी जमली ती जमलीच. पुढं फोन चालायचे, भेटी मात्र उभ्याउभ्या. यंदा झुंबरबाई हट्टालाच पेटली. "तिघींनी मिळून एक गोधडी शिवायची, माझ्या पडवीत. न्हाई म्हनायचं न्हाई."

त्या पडवीत पाऊल टाकलं आणि लंकाबाई पिशवी हातातच धरून उभी राहिली. समोर धरणाचं पाणी पसरलं होतं. माघाचं ऊन, आंब्याला मोहोर, आणि पाणी इतकं निवांत की पलीकडचा डोंगर त्यात उताणा झोपलाय असं वाटावं.

"रोज हेच बघती व्हय गं तू?"

"रोज कुटं बघते? भांडी घासते," झुंबरबाई म्हणाली.

त्यांनी लुगड्यांचे थर अंथरले, वर चिंध्या मांडल्या. जरीचा तुकडा कुठं लावायचा यावरून इशरत आणि झुंबरबाईचं तासभर वाजलं. मग तिघी तीन कडांना बसल्या आणि टाके पडू लागले. गोधडी कडेनं सुरू करायची आणि फेरे घालत घालत मधे यायचं. लंकाबाईला या कामात बोटांकडे बघावंसुद्धा लागत नसे. सुई आपली चालायची, डोळे पाण्यावर असायचे. एखादा बगळा उठायचा, पाण्यावर सुरकुती पडायची आणि पुसून जायची. दिवस कधी वर आला, कधी कलला, कळायचं नाही.

दुसऱ्या दिवशी इशरतनं दोरा तोडता तोडता विचारलं, "पर ही द्यायची कुणाला?"

"झुंबरला र्‍हाऊ दे. नायतर तुझ्या लेकीला, फरहाला दे, लगीन झालंय तिचं," लंकाबाई म्हणाली.

"आतापर्यंत तू किती शिवल्या असतील?"

लंकाबाईनं आठवून पाहिलं. दोन लेकी, नणंदेची पोरं, जावेच्या घरची बाळंतपणं, शेजारच्या सोनीबाईची नात. आकडा काही लागेना.

"आन् तू काय पांघरती?"

"बाजारातलं ब्लँकेट हाय की."

दोघींच्या सुया थांबल्या. झुंबरबाई म्हणाली, "मंग ही तुझी."

"मला काय करायचीय?" असं म्हणून लंकाबाईनं विषय झटकला आणि सुईत नवा दोरा ओवला.

तिसऱ्या दिवशी जेवणं झाली. तांदळाची भाकरी आणि वालाचं कालवण अंगावर आलं. फेरे मधल्या हातभर चौकोनापाशी येऊन ठेपले होते. लंकाबाई जराशी टेकायला म्हणून गोधडीवरच आडवी झाली. दोघींच्या गप्पांचा आवाज आधी जवळ होता, मग पडवीच्या टोकाला गेला, मग पाण्यावर. तिला वाटलं, आपण त्या उलट्या डोंगरावरून चालतोय. पायाखाली मऊ होतं. बाजूनं बारीक बारीक मासे एका रांगेत टाक्यांसारखे चालले होते. घाई कुणालाच नव्हती. आणि मागून कुणीतरी हळूच पदर धरला. तिला वळून बघावंसं वाटलं नाही. धरलाय तर धरू दे, असं वाटलं. लहानपणी आईनं बाजारात असंच तिला धरून ठेवलं होतं.

ती उठायला गेली तर पदर खरंच सुटेना. ओढला, तर अख्खी गोधडी उचलली.

"अगं बया!" झुंबरबाईनं तोंडावर हात नेला. गप्पांच्या नादात तिनं लंकाबाईचा हिरवा पदर गोधडीला शिवून टाकला होता, चांगला वीतभर, दुहेरी टाक्यानं. इशरत हसता हसता भिंतीला टेकली. लंकाबाईलाही हसू आवरेना, डोळ्यांतून पाणी आलं.

"थांब, उसवते," म्हणत इशरतनं कात्री घेतली.

"उसवू नको," लंकाबाई म्हणाली. "पदर काप."

"पागल झालीस का? नवं लुगडं हाय!"

"काप म्हनते ना."

कर्रकन कात्री चालली. मधल्या चौकोनावर हिरवा तुकडा राहिला, आंब्याच्या पानाएवढा. लंकाबाई त्यावरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "आता दुसऱ्या कुणाला कशी देनार? माझंच लुगडं हाय तिच्यात."

तिघींनी मिळून उरलेले टाके घातले.

चारची एसटी साडेपाचला आली. लंकाबाई आणि इशरत पिशव्या घेऊन थांब्यावर बसल्या होत्या, झुंबरबाई सोडायला आली होती. कंडक्टरनं दारातून हाक मारली, "चला मावशी, घोडेगाव, मंचर!"

लंकाबाई उठली नाही. तिनं इशरतकडे बघितलं. इशरतनं पिशवी मांडीवरून खाली ठेवली.

"तुमी व्हा फुडं, भाऊ," लंकाबाई म्हणाली.

कंडक्टरनं कपाळाला हात लावला आणि बेल मारली. धुरळा खाली बसल्यावर तिनं जयाला फोन लावला. "एसटी आलती, पर... उद्या येते गं."

"परवा या आत्या," जया म्हणाली. "आवाज कसा लई हलका वाटतोय तुमचा."

परतताना झुंबरबाईचा नवरा जानकू जाळी सोडायला होडी ढकलत होता. लंकाबाई आयुष्यात होडीत बसली नव्हती. तिनं विचारलंसुद्धा नाही, लुगडं खोचलं आणि सरळ आत पाय टाकला. होडी डुचमळली, इशरतनं "या अल्ला" म्हणून तिचा दंड धरला. मग काठ हळूहळू मागं सरला. लंकाबाईनं हात पाण्यात सोडला. वरचं पाणी कोमट होतं, खालचं गार.

"कुटवर न्यायचं?" जानकूनं विचारलं.

"जाईल तितं," ती म्हणाली.