पानातली धावपळ

आमच्या मुलींच्या शाळेत सूक्ष्मदर्शक एकच होता, आणि त्याला हात लावण्याआधी विज्ञानाच्या बाई आमची बोटं तपासायच्या. पुढच्या वर्षी अकरावीला विज्ञानाचा वर्ग उघडायचा की नाही, हे त्या दिवशी ठरणार होतं. तपासनीस साहेब येणार होते. "इथे वर्ग निघाला तर शीक, लांबच्या शाळेत मी पाठवणार नाही," असं वडिलांनी मला आधीच सांगून टाकलं होतं. आणि मला तर त्या वयात पेशीशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं!

साहेब आले. मागोमाग हेडमास्तरीण, म्हणजे आमच्या मोठ्या बाई. विज्ञानाच्या बाईंनी कांद्याचा पापुद्रा दाखवला. विटा रचल्यासारख्या पेशी, प्रत्येकीत आयोडीनने रंगलेला केंद्रकाचा तपकिरी ठिपका. साहेबांनी डोळा लावला आणि लगेच काढला.

"हे पुस्तकातही आहे. मेलेलंच ना हे?"

"हो, आयोडीनने मरतं," बाई म्हणाल्या.

"पेशी काम करते म्हणता. मुलींनी ते करताना कधी पाहिलंय?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. खिडकीतल्या बरणीत आम्ही एक पाणवनस्पती वाढवली होती. तिचं पान इतकं पातळ की रंगवावंही लागत नाही. मी शेंड्याचं कोवळं पान खुडून काचपट्टीवर ठेवलं. माझ्या शेजारी बसणारी टाचणी, अंगाने तशीच आणि जिभेनेही तशीच, तिने त्यावर पाण्याचा थेंब सोडला, वर पातळ काच ठेवली. मी डोळा लावला.

काहीच हलत नव्हतं. एरवी हरितलवकांचे हिरवे दाणे भिंतीच्या कडेकडेने फिरत असतात. आता ते सगळे मधोमध गोळा होऊन बसले होते.

"टाचणे, पाणी कुठलं घातलंस?"

"त्या बाटलीतलं."

"अगं, ते मिठाचं! काल ज्यात बटाटा आकसवला ते!"

"मग बाटलीवर लिहायला काय हात दुखत होते तुझे?"

मोठ्या बाई घाईघाईने म्हणाल्या, "साहेब, तोवर चहा घेऊ या का?"

"चहा असू दे," साहेब म्हणाले. "काय झालं ते हिलाच सांगू दे."

मी सांगू लागले. "पेशीची बाहेरची भिंत ताठ असते, ती जागची हलली नाही. आतलं पटल मऊ. मिठाच्या पाण्याने रिक्तिकेतलं, म्हणजे पेशीच्या आतल्या पिशवीतलं, पाणी ओढून घेतलं, म्हणून पटल आत आकसलं. गोडं पाणी दिलं की ते पुन्हा भिंतीला टेकेल."

"नक्की?"

"पेशी जिवंत असेल तर. मेली असेल तर नाही टेकणार."

काचेच्या एका कडेला मी टिपकागद टेकवला, दुसऱ्या कडेला टाचणीने बरणीतल्या पाण्याचा थेंब सोडला. कागद खारट पाणी पिऊ लागला आणि गोडं पाणी आत सरकलं. पुन्हा थेंब, पुन्हा कागद. बाईंनी सूक्ष्मदर्शकाखालचा आरसा उजेडाकडे वळवला.

एका पेशीत हिरवा गोळा सैल झाला. कडेकडेने पसरत गेला. पटल एका कोपऱ्यात टेकलं, मग दुसऱ्या. आणि एक दाणा हलला! त्याच्यामागे दुसरा, मग सगळी रांगच निघाली, कोपऱ्यावर वळली, पलीकडून परत आली. काही पेशी तशाच पडून राहिल्या, पण ही चालू झाली होती.

"साहेब, बघा! लवकर बघा!" मी त्यांचा कोटच ओढला.

साहेबांनी डोळा लावला. "अरे! अरे, हे पळतायत की!" त्यांनी चष्मा काढून खिशात कोंबला. "कोण ढकलतंय यांना?"

"पेशीद्रव्य वाहतं साहेब, त्याच्याबरोबर जातात."

"आणि त्याला ताकद देणारी ती तंतुकणिका कुठेय?"

"ती या भिंगातून दिसायची नाही," टाचणी म्हणाली. "मोठं यंत्र लागतं. तुम्ही मागवलंत तर दाखवू."

विज्ञानाच्या बाईंनी डोळेच मिटून घेतले. साहेब मात्र मान न उचलता मोठ्याने हसले.

"यंत्राचं नंतर पाहू. मोठ्या बाई, वर्ग सुरू करा. मी लिहून देतो."

बाईंनी माझा दंड घट्ट धरला. टाचणीने तर उडीच मारली. पण मला त्या घटकेला दुसरीच घाई होती. ती पेशी पुढे काय करतेय ते मला बघायचं होतं, आणि साहेब काही बाजूला होईनात. शेवटी टाचणीच म्हणाली,

"साहेब, आता हिला बघू द्या ना जरा!"