दोन्ही एकदम

आत्याच्या नव्या खोलीत पंखा लावला की दिवा जायचा, आणि दिवा हवा असेल तर पंखा बंद करावा लागायचा. एकाच दांड्याला लटकलेले दोघे, पण छत्तीसचा आकडा.

पंखा छताला तिनंच बसवला होता, कुणापुढे तोंड न वेंगाडता. आणि नेमका त्याच सकाळी भाचा दारात येऊन उभा राहिला. तो तिला न्यायला आला होता. गल्लीच्या तोंडाशी टॅक्सी थांबवून ठेवली होती, म्हणजे आत्या नाही म्हणणारच नाही हे त्यानं धरूनच ठेवलं होतं.

आत्यानं लग्न केलं नव्हतं. दिवसभर शिंप्याच्या दुकानात कपडे दुरुस्त करायचे आणि उरलेल्या वेळात आधी भावाची पोरं वाढवायची, मग त्या पोरांची पोरं. आता भाच्याच्या बायकोला पुन्हा दिवस गेले होते आणि घरानं परस्पर ठरवून टाकलं होतं: आत्या आहेच की! ते 'आहेच की' तिच्या डोक्यात गेलं. तिनं बॅग भरली आणि सरळ भाड्याची खोली घेतली.

भाच्यानं दोन्ही बटणं खालीवर करून पाहिली आणि हसला. "झालं नाटक करून? अगं, तुला साधा पंखा लावता येत नाही, एकटी काय राहणार तू?"

"लावलाय की. फिरतोय."

"अंधारात फिरतोय. मी वायरमनला फोन करतो, तू सामान आवर."

"वायरमन नको नि तूही नको," आत्या उसळली. "दुपारच्या जेवणाच्या आत दोन्ही एकदम चालले नाहीत, तर मुकाट्यानं येते तुझ्याबरोबर. चालले, तर पुन्हा हा विषय काढायचा नाही."

बोलून तर गेली. दिलेला शब्द ती मोडत नसे, हे सगळ्या घराला ठाऊक होतं. भाच्यानं टॅक्सीवाल्याला फोनवर थांबायला सांगितलं आणि तो आरामात पलंगावर बसला.

आत्या खाली बसून नुसती वर बघत राहिली. पंख्याचं बटण बंद, दिव्याचं चालू. बल्ब लागला, पण आजाऱ्यासारखा पिवळा. आणि पाती हलत होती. जेमतेम, पण हलत होती.

"बघितलंस? दिव्याची वीज पंख्यातून चाललीय."

"वारा असेल."

"खिडकी बंद आहे, मेल्या."

तिनं मेन स्विच पाडला आणि स्टूल ओढलं. भाचा कुरकुरतच उठला, पण त्यानं स्टूल घट्ट धरलं. तेवढी माया त्याच्यात होती.

छतातून तीन तारा आल्या होत्या: लाल, पिवळी, काळी. पंख्याच्या तीन: काळी, निळी, पांढरी. काळीला काळी तिनं डोळे झाकून जोडली होती. अख्खं आयुष्य कापडाला दोरा जुळवण्यात गेलेली बाई दुसरं काय करणार? उरलेल्या तारा मग वाटणीला येतील तशा जोडल्या होत्या.

तिनं सगळे जोड सोडले, टोकं लांब लांब केली, भाच्याला मेन चालू करायला लावला आणि एकेका तारेला टेस्टर टेकवला. पंख्याचं बटण दाबलं की टेस्टर लाल तारेवर पेटे, दिव्याचं दाबलं की पिवळीवर. काळीवर तो कधीच पेटला नाही. म्हणजे वीज परत जाते ती काळीतून. मेन पुन्हा पाडून तिनं पंख्याची खालची वाटी उघडली. आत पांढरीला दोन फाटे होते, एक मोटारीला, एक दिव्याला. दोघांची परतीची वाट तीच, आणि ती आत्यानं लाल तारेला बांधली होती!

"काळीला पांढरी जोडायची," ती म्हणाली.

"आत्या, शेंबडं पोरही असं करणार नाही."

"माझाही हात धजत नाहीये," असं म्हणत तिनं ती जोडली. पंख्याची काळी लाल तारेला, निळी पिवळीला. वर टेप गुंडाळला, वाट्या बसवल्या. "लाव मेन."

पंखा सुटला. दिवा लागला, लख्ख. दोन्ही एकदम! आत्या स्टुलावरच ओरडली आणि भाच्यानंही न राहवून टाळी वाजवली.

"जमलं गं तुला," तो अगदी मनापासून म्हणाला. तिला हात देऊन त्यानं खाली उतरवलं. "बरं, आता राग गेला ना? चल."

"मी रुसून आलेच नव्हते. मला इथे राहायचंय."

तो गोंधळला. रुसलेल्या आत्याची समजूत त्याला काढता येत होती. ही तर रुसलेलीच नव्हती. "मग आमचं कोण करणार?" त्याच्या तोंडून निघून गेलं.

"तुम्ही. मी नाही का शिकले आत्ता, चुकत चुकत? तूही शीक."

तो जिना उतरू लागला. एकेक पायरी, सावकाश, आत्या मागून बोलावेल म्हणून. त्याला चालायला तिनंच शिकवलं होतं. तिचे डोळे भरून आले. ते तिनं खसाखसा पुसले, आणि हाक मारली नाही.