सगळ्यांनी नेट बंद करा

कारखान्याची बस उलटल्याचं दुकानदाराने सांगितलं, आणि त्याच बसमध्ये आई होती. दादाने मामाला फोन लावला. मामा शहरात, कारखान्याच्या अगदी जवळ राहतो. फोन लागे ना, लागला तर "हॅलो" म्हणेपर्यंत कट. मग मोबाइल टुणकन वाजला. मामाचा मेसेज होता: "घाबरू नका. फोटो बघा, मग कळेल."

फोटो काही उघडे ना.

मामाकडे नेट धो धो, आमच्याकडे थेंब थेंब. हे त्या शहाण्याच्या कधी लक्षात राहिलंय? चार शब्द लिहिले असते तर काय बोटं झिजली असती? पडद्यावर नुसतं धुरकट, मध्ये लाल काहीतरी, आणि वर गरगरणारं चक्र.

"आई सकाळी काय नेसून गेली होती?" दादाने विचारलं.

"निळी साडी."

"लिहून सांग" असं मी मामाला पाठवलं, तेही तिथेच अडकलं.

आमच्या अख्ख्या गावाला एकच टॉवर, आणि संध्याकाळी सगळे त्यालाच लोंबकळलेले. कुणाची मालिका, कुणाची मॅच. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"मी सगळ्यांना नेट बंद करायला सांगून येते."

"तू? म्यूट?" घरात मला म्यूटच म्हणतात. चारचौघांत माझं तोंडच उघडत नाही म्हणून. "कोण ऐकणार तुझं?"

"बघच तू."

आधी शिंपीकाकांच्या दुकानात शिरले, आणि आवाज खणखणीत निघाला. शिंपीकाकांनी लगेच बंद केलं. "वरची आळी मी बघतो, तू खाली पळ," म्हणाले.

न्हावीकाका म्हणाले, "शेवटची ओव्हर आहे गं."

"माझ्या आईला काय झालंय ते मला माहीत नाही, काका."

त्यांनी स्वतःचा मोबाइल बंद केला, अर्धी दाढी झालेल्या गिऱ्हाइकाच्या हातातलाही काढून घेतला.

पळताना मनात एकच घोकत होते. लाल म्हणजे चादर. लाल म्हणजे खुर्ची. तिसरं काही मी मनातसुद्धा येऊ देत नव्हते.

घरी आले तर दादा खिडकीबाहेर मोबाइल धरून उभा, तोंड दुसरीकडे. "उघडलाय बहुतेक. मला बघवत नाही, तूच बघ."

आईच होती. खाटेवर, छातीपर्यंत लाल ब्लँकेट, हाताला प्लॅस्टर. "फोटो कसले काढतोस?" असं मामाकडे रागाने बघणारी. डोळे उघडे. मी ते मोठे करून करून बघितले.

मागून न्हावीकाका, शिंपीकाका आणि ती अर्धी दाढी दारात येऊन थांबली. मी मोबाइल पुढे धरला.

"हात मोडलाय, जुळून येईल," न्हावीकाका म्हणाले.

शिंपीकाका वाकून बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "पाय नाही दिसत गं यात."

खरंच, फोटो कमरेपाशीच संपत होता. दादा मामाला लिहायला लागला.

न्हावीकाकांनी खिशातून मोबाइल काढला होता, तो परत आत ठेवला. "राहू दे सगळ्यांचं बंद," ते म्हणाले. "आधी उत्तर येऊ दे."