सव्विसावा वेढा

मी एक जुना दोर आहे. खरे तर आता मी दोन दोर आहे, कारण माझे दोन तुकडे झाले आहेत. पण इतकी वर्षे एकच म्हणवून घेतल्यावर ती सवय जाता जात नाही, मित्रांनो.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. शेकडो रिळे गरगर फिरत होती आणि त्यांच्या मधोमध मी बोटाबोटाने वाढत होतो. आत पांढऱ्या तंतूंचा गाभा, वरून निळी वीण. माणसाचा भार पेलतो तो गाभा. वीण म्हणजे नुसता अंगरखा. माझी लांबी पन्नास मीटर भरली, तेव्हा मला गुंडाळून एका दुकानाच्या फळीवर ठेवले. तिथून मला एका गणिताच्या बाईंनी घरी नेले.

बाई शाळेत गणित शिकवत आणि रविवारी मुलींना जुन्या दगडखाणीच्या कड्यावर चढायला शिकवत. मुली मला 'मामा' म्हणत. "मामाने धरलंय ना, मग सोड हात," असे खालची मुलगी वरच्या मुलीला ओरडून सांगे. वरची मुलगी डोळे मिटून हात सोडी आणि मी तिला अलगद झेली. तो अलगद झोका माझ्या आयुष्यातला सर्वांत गोड क्षण असे.

संध्याकाळी बाई मला गुंडाळत. दोन्ही हात पसरून एकेक वेढा घालत आणि बोटांनी माझे अंग चाचपत जात. तेव्हा त्या गुणगुणत:

*पहिला वेढा डोंगराला, दुसरा वेढा वाऱ्याला,*
*तिसरा वेढा बांधिते गं माझ्या घरच्या दाराला.*

पुन्हा पहिला, पुन्हा दुसरा. सगळा मिळून मी तेहतीस वेढ्यांचा. अकरा वेळा गाणे म्हटले की मी पिशवीत.

समुद्रापलीकडच्या एका देशात बर्फाचा पांढरा सुळका आहे. बाईंना मला घेऊन तिथे जायचे होते. त्याचे चित्र त्यांनी कपाटाच्या दाराला आतून चिकटवले होते. पण एकदा शाळेच्या परीक्षा आल्या, एकदा घरच्या लेकीचे आजारपण आले आणि मग बाईंचे गुडघेच गेले. मी गॅलरीतल्या त्याच कपाटात गेलो. एका बाजूला रंगाचे डबे, दुसऱ्या बाजूला सायकलचा पंप.

एका दुपारी वायरमन आला. दिवे गेल्यावर घरात उजेड देणारी बॅटरी त्याने बदलली आणि विचारले, "जुनी कुठं ठेवू?"

"ठेवा गॅलरीतल्या कपाटात, दोराच्या वरच्या फळीवर," बाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "भंगारवाला आला की देऊन टाकीन."

भंगारवाला आला तो चार महिन्यांनी. तोवर त्या बॅटरीतून कधीतरी तेजाबाचे थेंब गळले. माझी पिशवी काळी होती, तिच्यावर डाग दिसला नाही. थेंब वाळून गेले. मित्रांनो, दुखले असते तर बरे झाले असते. हातावर डोके ठेवून निजले की हात आपला वाटेनासा होतो ना, तसा माझा वीतभर भाग मला माझा वाटेनासा झाला. वरची निळी वीण मात्र जशीच्या तशी राहिली.

अशी सोळा वर्षांची माझी उमर झाली, आणि बाईंच्या मुलीने तो पांढरा सुळका मनावर घेतला.

ती इस्पितळात परिचारिका आहे. घरात दोघीच. आई तिला भिंगरी म्हणते. मोठ्या सिस्टरनी चौघींच्या पाळ्या इकडच्या तिकडे करून तिला रजा दिली, ती अवघी नऊ दिवसांची. सोबतीला तिचा मावसभाऊ, उंचीमुळे ज्याला सगळे लंबू म्हणतात तो.

जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला. त्याचे कोपरे दुमडू नयेत म्हणून चार कपबश्या ठेवल्या.

"जायला दोन, यायला दोन," भिंगरी बोटे मोजत म्हणाली. "एक दिवस पायथ्यापर्यंत चालायचं, एक सरावाचा, दोन चढाईचे."

"आठ झाले. नववा मी झोपणार," लंबू म्हणाला.

"नववा हवामानाचा," बाई म्हणाल्या. "वर ढग आले तर थांबायला एक दिवस हाताशी हवा. तो कुणी खायचा नाही."

"नाही खात. पण सामान किती झालंय बघ, आई. तराजू विमानात चालतं त्यापेक्षा दोन किलो जास्त दाखवतोय. दोर तिकडेच भाड्याने घेऊ या का?"

"भाड्याच्या दोरावर माझी मुलगी लटकणार नाही. माझा दोर आहे की."

लंबूने घसा खाकरला. "मावशी, दोरालाही वय असतं."

"मलाही आहे. मला टाकतोस का भंगारात?"

तो हसला. भिंगरीने मला पिशवीसकट उचलून आपल्या खोलीत नेले. तिला वाटले, आईने दिला आहे म्हणजे आईने तपासलाच असणार. बाईंना वाटले, वापरणारी ती, म्हणजे ती तपासणारच. एकीने दुसरीला विचारले नाही, कारण विचारणे दोघींनाही अविश्वासाचे वाटले.

त्या आठवड्यात घरात कुणी धड जेवले नाही. परवान्याच्या कचेरीत हेलपाटे, बुटांना मेण, औषधांची यादी फ्रिजवर. आणि मी कोपऱ्यात. मला जायचे होते, मित्रांनो. कपाटाच्या दारामागचा तो सुळका सोळा वर्षे माझाही होता. पण माझ्या अंगातला तो वीतभर भाग मला ठाऊक होता. मी जावे असेही मला वाटे, आणि कुणीतरी मला थांबवावे असेही वाटे.

निघायच्या दिवशी सकाळी गाडी यायला पाऊण तास होता. मोठ्या पिशवीची चेन लागत नव्हती.

"हा मामा फार जागा खातोय," लंबू गुडघ्याने पिशवी दाबत म्हणाला.

"आण इकडे. तुला गुंडाळता येत नाही," म्हणत बाई खुर्चीवर बसल्या. त्यांनी मला मोकळा सोडला आणि हात पसरले. पहिला वेढा डोंगराला, दुसरा वेढा वाऱ्याला. त्या बोटांना मी विसरलो नव्हतो. गाणे आठ वेळा झाले. पंचविसावा वेढा डोंगराला पडला. सव्विसाव्याला वाऱ्याचे नाव अर्धेच आले आणि गाणे थांबले.

बाईंची बोटे मागे गेली. पुढे आली. पुन्हा मागे.

"काय झालं?" भिंगरीने विचारले.

 बाईंनी मला त्या जागी दुमडले. निरोगी दोर दुमडला की गोल कमान होते. मी भिजल्या कागदासारखा चपटा पडलो.

"हा न्यायचा नाही," त्या म्हणाल्या.

"आई, आता? अगं, गाडी येईल."

"न्यायचा नाही."

"वरून काही दिसत नाहीये. आणि आता मी नवा कुठून आणू? मागवला तर आठ दिवस लागतात. तिकडे भाड्याने घ्यायचा म्हणजे अर्धा दिवस मोडला. तूच म्हणालीस, हाच ने. आठवडाभर म्हणालीस."

"म्हणाले. चुकले."

"तीन वर्षं मी या नऊ दिवसांसाठी रजा साठवलीय, आई."

बाई उठल्या. स्वयंपाकघरातून सुरी आणली आणि टेबलावर मला कापले. सुरी भराभर चालली. माझा गाभा उघडा पडला. पांढरा असायला हवा होता. तो पिवळट तपकिरी होता, आणि बाईंनी चिमटीत धरताच त्याचा भुगा टेबलावर सांडला.

तिघेही त्या भुग्याकडे पाहत राहिले.

"बॅटरी," बाई हळूच म्हणाल्या. "मीच सांगितलं होतं वर ठेवायला."

 भिंगरीने पिशवीची चेन ओढली. आता ती सहज लागली. गाडी आली. लंबू वाकून मावशीच्या पाया पडला. भिंगरी दारापर्यंत गेली आणि मागे न पाहता जिना उतरली.

ते नऊ दिवस बाई शाळेतून येत आणि टेबलापाशी बसत. भुगा त्यांनी पुसला नव्हता. जेवायचे ताट त्या मांडीवर घेत.

नवव्या दिवशी रात्री भिंगरी आली. नाक उन्हाने सोललेले, चेहरा ओढलेला. पायथ्याच्या गावातले भाड्याने दोर देणारे दुकान नेमके बंद होते. हवामानाचा दिवस तिथल्या पायरीवर बसून गेला, तेव्हा कुठे दोर मिळाला. चढाईच्या दुसऱ्या दिवशी ढग आले, थांबायला दिवस उरला नव्हता, आणि सुळका दोनशे मीटर राहिला असताना ते परत फिरले. हे तिने बुटाच्या नाड्या सोडताना सांगितले, जणू दुसऱ्या कुणाची हकीकत. मग दोन दिवस ती आईशी कामापुरतेच बोलली. मला वाटले, या घरात माझ्यामुळे काहीतरी कायमचे तुटले.

तिसऱ्या दिवशी ती टेबलापाशी आली. माझे कापलेले टोक उचलून तिने अंगठ्याने दाबले. आणखी थोडा भुगा पडला.

"बारा फूट," ती म्हणाली.

बाईंनी वहीतून मान वर केली.

"उतरताना लंबूच्या पायाखालचा बर्फ गेला. बारा फूट पडला. मी वर बसून धरला होता त्याला. दोराला असा ताण बसला, आई, की मला वाटलं आता तुटला." ती थांबली. "धरला त्या दोराने."

"तुला लागलं?"

"हाताला थोडं."

"दाखव."

भिंगरीने मूठ उघडली. तळव्यावर दोर घासल्याची लाल पट्टी होती. बाईंनी तो तळवा दोन्ही हातांत घेतला आणि कितीतरी वेळ सोडला नाही. नंतर भिंगरी रडली. बाई रडल्या नाहीत. त्या पट्टीवरून अंगठा फिरवत राहिल्या, आणि मला अजून कळलेले नाही की त्या क्षमा मागत होत्या की झालेली इजा मोजत होत्या.

मित्रांनो, माझे फार मागणे नाही. ज्याच्यावर जीव टांगायचा त्याला अर्धा तास द्या. मायेने दिलेली वस्तू असली तर एक तास द्या, कारण तिथे डोळे लवकर मिटतात. आणि जुन्या वस्तूला अडगळीत टाकाल, तर तिच्या शेजारी काय ठेवता ते पाहा. घाई आहे म्हणाल. घाई त्या दोघींनाही होती.

पांढरा सुळका मला आता दिसायचा नाही. त्याचे वाईट वाटते, पण झोप उडते ती दुसऱ्याच विचाराने. त्या सकाळी पिशवीची चेन लागली असती, तर मी गुपचूप त्यांच्यासोबत गेलो असतो. मला तोंड नाही. तुम्हाला हात आहेत.