हिरव्यातली गाय

"गुरुजी, मी पानी लई येस. मन्ही गाय देखज्यात बरं. तठे ज्वारीना फुटवा शेतस, त्यामा जाऊ देऊ नका."

"हो अक्का, जा तुम्ही," लीलाधर म्हणाला. मान मात्र त्याने वर केली नाही.

तो धुळ्याच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचा. दिवाळीची सुट्टी लागली की रंगांची पेटी घेऊन एसटीने सोनगीर गाठायचा. पाऊस सरल्यावर किल्ल्याचा डोंगर धुतल्यासारखा दिसे. वर्षभर फळ्यावर फुलदाण्या काढणाऱ्या माणसाला तेवढेच दिवस स्वतःचे वाटत.

त्या दिवशी चित्र जमेना. किल्ला उतरला, आभाळ उतरलं, पण खालचा हिरवा पट्टा नुसताच पडून होता. तेवढ्यात पाण्याला गेलेल्या तानुबाईची पांढरीशुभ्र गाय चरत चरत त्या हिरव्यात शिरली आणि चित्रात जीव आला.

लीलाधर शेतकऱ्याचाच मुलगा. कापलेल्या ज्वारीचे कोवळे फुटवे जनावराला विषासारखे बाधतात, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. उठायला हवं, असं मनात आलंही. पण उठला असता तर गाय हलली असती. एवढा आकार घेतो अन् हाकलतो, असं म्हणत त्याने गायीपुरता कागद पांढरा सोडला आणि भोवतीचं हिरवं भरत राहिला.

तानुबाईच्या किंकाळीने तो भानावर आला. गाय आडवी पडून पाय झाडत होती, तोंडाला फेस आला होता. माणसं धावली, कुणी गुळाचं पाणी पाजलं. जनावरांचा डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं.

"अक्का, माझं लक्षच नव्हतं हो," तो कसाबसा म्हणाला.

"तुम्ही काय करशात, गुरुजी? मीच तिले सोडीसन गऊ ना." डोळे पुसत तिने उलट त्यालाच पाण्याचा तांब्या दिला.

घरी आल्यावर त्याच्या बायकोने, प्रमिलाने, चित्र भिंतीला टेकवून पाहिलं. "यंदाचं सगळ्यात छान झालंय. ही गाय तर अगदी खरी वाटते."

तो जेवणावरून उठला. लक्ष नव्हतं कसं? सगळं लक्ष गायीवरच तर होतं.

भाऊबीज उलटल्यावर तो चित्र घेऊन सोनगीरला गेला. तानुबाई ओट्यावर शेंगा निवडत होती. तिने चित्र दोन्ही हातांत धरलं.

"मन्ही गाय!" ती हसली. तिचं बोट गायीच्या पाठीवरून फिरलं, पायाशी उतरलं आणि हिरव्यावर थांबलं.

शाळेतली भाषा लीलाधरच्या तोंडी येईना. "मी देखेल व्हतं, अक्का," तो म्हणाला. "ती तठे गई, ते मी देखेल व्हतं."

चित्र भिंतीशी उभं करून तानुबाई आत गेली. चूल फुंकल्याचा आवाज येत राहिला. निघून जावं की थांबावं, ते लीलाधरला कळेना.

बऱ्याच वेळाने ती कपबशी घेऊन बाहेर आली.

"कोरा चहा शे, गुरुजी," त्याच्याकडे न बघता ती म्हणाली. "घरमा दूध नही."